डोन् आणि का: काठ्या हातात घेऊन खेळायचा गेम

आमच्या हॉलमध्ये चौरंगावर एक ढोल ठेवलेला असतो. जेवायच्या ताटाएवढा, प्लॅस्टिकचा, वर रबरी पडदा, मागून निघालेली वायर टीव्हीखालच्या गेमच्या यंत्रात गेलेली. सोबत दोन आखूड काठ्या. येणारे-जाणारे त्याच्याकडे लहान मुलांचं खेळणं म्हणून बघतात. पण ज्याने एकदा काठ्या उचलल्या तो तीन-चार गाणी वाजवल्याशिवाय उठत नाही, असा माझा अनुभव आहे.

हा ढोल ज्या गेमसाठी आहे त्याचं नाव ‘ताइको नो तात्सुजिन’. ताइको म्हणजे जपानी ढोल आणि तात्सुजिन म्हणजे उस्ताद. नामको कंपनीने 2001 च्या फेब्रुवारीत तो जपानमधल्या गेम सेंटरांत आणला. तिथे एका उंच यंत्रासमोर दोन मोठे ढोल शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि दोघं जण एकाच गाण्यावर वाजवू शकतात. 2002 च्या ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन 2 साठी घरगुती ढोल आला. त्याला ‘ताताकॉन’ म्हणू लागले. ‘ताताकु’ म्हणजे बडवणं, त्याला कंट्रोलरमधला ‘कॉन’ जोडलेला. तेव्हापासून एकामागून एक यंत्रांवर या गेमच्या आवृत्त्या निघत आल्या आहेत.

हा गेम ज्या रीतीने ताल शिकवतो, ती रीत आपल्याकडे तबल्याच्या शिकवणीत आजही रोज वापरली जाते. ती ओळखू आली तर गेम निम्मा सोपा होतो. बहुतेक जण मात्र ती न ओळखताच नुसत्या डोळ्यांनी खेळतात आणि मधल्या पातळीवर अडकून पडतात.

पडद्यावर काय दिसतं

गाणं सुरू झालं की पडद्यावर एक आडवा पट्टा येतो. त्यावरून गोल ठिपके उजवीकडून डावीकडे सरकत असतात. डाव्या टोकाला एक रिकामं वर्तुळ असतं. ठिपका त्या वर्तुळात नेमका बसला, त्या क्षणी काठी पडली पाहिजे. ठिपका लाल असेल तर ढोलाच्या मधोमध मारायचं, निळा असेल तर कडेवर. मधल्या आवाजाला जपानीत ‘डोन्’ म्हणतात, कडेच्या आवाजाला ‘का’. मोठा ठिपका आला तर दोन्ही काठ्या एकदम. पिवळा लांब पट्टा आला की तो संपेपर्यंत जमेल तेवढ्या वेगाने वाजवत राहायचं. फुगा आला की ठरलेल्या संख्येइतके ठोके मारून तो फोडायचा. नियम एवढेच.

प्रत्येक ठोक्याला तीनपैकी एक शेरा मिळतो: उत्तम, ठीक किंवा चुकला. बरोबर ठोक्यांनी वरची एक पट्टी भरत जाते. गाणं संपताना ती खुणेच्या पुढे गेलेली असली की आपण पास. अवघडपणाच्या पायऱ्या चार आहेत: सोपी, साधारण, अवघड आणि ‘ओनि’. ओनि म्हणजे जपानी लोककथांमधला शिंगांचा राक्षस. शिवाय गाण्यागणिक एक ते दहा तारे असतात. पडद्यावर नाचणारे दोन छोटे ढोल आहेत, लाल चेहऱ्याचा डोन-चान आणि निळ्या चेहऱ्याचा कात्सु-चान. त्यांची नावंही त्या दोन आवाजांवरूनच ठेवलेली आहेत.

गाणी सगळ्या तऱ्हेची असतात. जपानी पॉप, अ‍ॅनिमे मालिकांची शीर्षकगीतं, जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत, आणि बिझेच्या ‘कार्मेन’सारखं पाश्चात्त्य अभिजात संगीतसुद्धा. माझ्या मते शिकायला हे अभिजात तुकडेच सर्वांत चांगले, कारण त्यांतले कितीतरी आपण कुठे ना कुठे ऐकलेले असतात आणि पुढचा ठोका कुठे येणार हे कानाला आधीच कळतं.

ठिपक्यांखालची अक्षरं

मूळ जपानी गेममध्ये प्रत्येक ठिपक्याखाली बारीक अक्षरं असतात. ज्यांना जपानी येत नाही ते त्यांकडे बघतही नाहीत. मीही बरेच दिवस बघितलं नव्हतं. एका सुट्टीत बसून ती अक्षरं लावली आणि थक्क झाले. ते चक्क बोल होते.

लाल ठिपका एकटा, मोकळा असेल तर खाली ‘डोन्’ लिहिलेलं असतं. तीन लाल ठिपके चिकटून आले तर ‘डो-को-डोन्’. तिन्ही ठिकाणी काठी पडते तीच, तिथेच आणि तशीच. पण अक्षरं वेगळी. ‘डो’ आणि ‘को’ म्हणजे जवळजवळचे दोन ठोके, एक या हाताचा, दुसरा त्या हाताचा. शेवटचा ‘डोन्’ लांबतो, कारण त्याच्यानंतर जागा आहे. तसंच कडेच्या ठोक्यांचं: जलद असेल तर ‘का’, मोकळा असेल तर तोच किंचित ठासून म्हटलेला.

हे गेमवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. जपानमध्ये ताइको शिकवताना गुरू आधी तोंडाने म्हणून दाखवतात. त्या पद्धतीला ‘कुचि-शोगा’ म्हणतात; कुचि म्हणजे तोंड. रिकाम्या जागेलाही तिथे ‘सु’ असं अक्षर आहे, हलक्या ठोक्याला ‘त्सु’ आहे. म्हणजे न वाजवलेली मात्रासुद्धा उच्चारायची असते.

तबला शिकलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, ‘ना’ आणि तिच्या आतल्या लवेवरचा ‘तिं’ आपण बोटं लावण्याआधी ऐकतो आणि म्हणतो. गुरुजी नवा कायदा हाताने वाजवायला द्यायच्या आधी त्याची पढंत करून घेतात, म्हणजे त्याचे बोल तोंडाने म्हणवून घेतात. जे तोंडाने नीट येत नाही ते हाताने येणार नाही, हे पहिल्याच महिन्यात सांगितलं जातं. ताइकोच्या बोलांत तबल्याची श्रीमंती नाही, मुळात दोनच आवाज आहेत. पण तत्त्व तेच आहे: लयीचा तुकडा शब्दासारखा पाठ होतो, आणि एकदा शब्द झाला की त्यातली अक्षरं मोजावी लागत नाहीत.

माझा अकरा वर्षांचा भाचा मे महिन्यात आमच्याकडे आला होता. दोन दिवसांत सोप्या पातळीवरून साधारणवर गेला आणि तिसऱ्या दिवशी एका जागी अडकला. दोन लाल, एक लाल, मग निळा, पुन्हा तसंच, शेवटी दोन निळे. दर वेळी पहिला निळा यायच्या आत त्याचे हात एकमेकांत गुंतत. काठ्या आपटून म्हणाला, “मावशी, हे फार जलद येतंय. मला दिसतच नाही.”

“दिसायची गरज नाही. काठ्या खाली ठेव आणि माझ्यामागे म्हण. डो-को-डोन् का, डो-को-डोन् का का.”

त्याने आधी लाजत म्हटलं. मग मांडीवर थाप देत म्हटलं. ‘का’ आला की थाप मांडीऐवजी सोफ्याच्या लाकडी हातावर. सात-आठ वेळा झाल्यावर काठ्या उचलल्या आणि तिसऱ्या खेपेला तो तुकडा सरळ पार केला. डोळे पडद्यावर होते, पण ओठ हलत होते. पुढचे चार दिवस घरात जेवतानाही ‘डो-को-डोन्’ चालू होतं.

डोळे का पुरत नाहीत

यामागे साधं गणित आहे. गाण्याची गती मिनिटाला 160 ठोके असेल आणि एका ठोक्यात चार ठिपके असतील, म्हणजे आपल्या भाषेत चौगुन, तर सेकंदाला साडेदहाच्या वर ठिपके येतात. दोन ठिपक्यांमधलं अंतर सुमारे 94 मिलिसेकंद. काहीतरी दिसल्यावर हात हलायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक ठिपका बघून त्याला उत्तर द्यायला जावं, तोवर पुढचे दोन येऊन गेलेले असतात. एकेक ठिपका बघून मारणं या गतीला शरीराला शक्यच नाही. डोळ्याने पुढचा तुकडा ओळखायचा, त्याचं नाव मनात उच्चारायचं आणि हाताला ते नाव वाजवू द्यायचं, हा एकच मार्ग उरतो. वर्तमानपत्र वाचताना आपण एकेक अक्षर लावत बसत नाही, तसंच.

म्हणूनच अवघड पातळीवरचे खेळाडू ठिपक्यांचा वेग मुद्दाम वाढवून घेतात. नवख्याला ते वेडेपणाचं वाटतं. पण वेग वाढला की ठिपक्यांमधलं अंतरही वाढतं, गर्दी सुटते आणि तुकडे स्पष्ट वाचता येतात. गाण्याची लय तीच राहते.

ढोलाच्या पोटात

ढोलाला आपल्याला दिसतात दोन भाग, मधला आणि कड. आत मात्र चार असतात: डावा मध्य, उजवा मध्य, डावी कड, उजवी कड. गेमच्या दृष्टीने ही चार बटणंच आहेत. त्यामुळे साध्या कंट्रोलरच्या बटणांवर किंवा संगणकाच्या कीबोर्डवर चार कळांनीही हा गेम खेळता येतो, आणि बरेच जण खेळतात.

गेम सेंटरातल्या मोठ्या ढोलांत कंपन टिपणाऱ्या पिएझो चकत्या असतात. अशी चकती दाबली किंवा हादरली की तिच्यातून किंचित वीज निघते. ती वीज म्हणजे ठोका पडल्याची वर्दी. इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटातही हेच तंत्र आहे. हौशी लोक घरी असा ढोल बनवतात तेव्हा चार पिएझो चकत्या, एक आर्दुइनो बोर्ड आणि थोडं प्लायवुड एवढ्यावर भागतं. खरी कसोटी चकती बसवण्यात नसून ठोका कुणाचा ते ठरवण्यात आहे. मधोमध मारलं तरी सगळी फळी हादरते आणि कडेची चकतीही थोडी बोलते. म्हणून ढोलाच्या आतला प्रोग्रॅम चारही चकत्यांची तुलना करतो, ज्या चकतीचा धक्का सर्वांत मोठा ती खरी मानतो आणि पुढचे काही मिलिसेकंद बाकीच्यांकडे दुर्लक्ष करतो. हा दुर्लक्षाचा काळ फार ठेवला तर जलद ठोके गिळले जातात; फार कमी ठेवला तर एका ठोक्याचे दोन मोजले जातात.

माझ्या ढोलाची डावी कड पहिल्या महिन्यात निम्मे ठोके घेतच नव्हती. ढोल बिघडला असं धरून मी तो परत करायला निघाले होते. मग नीट पाहिलं तर काठीचं टोक कडेच्या आतल्या काठावर पडत होतं, अर्धं इकडे अर्धं तिकडे. काठी थोडी आडवी धरून तिचा मानेकडचा भाग कडेवर टेकवायला लागले आणि ‘का’ ठणठणीत यायला लागला. ढोल परत करायचा विचार करणाऱ्यांनी आधी हे करून बघावं.

उशिराचा प्रश्न

घरी खेळणाऱ्यांचा सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो. अवघड पातळ्यांवर ‘उत्तम’ शेऱ्यासाठी ठोका नेमक्या क्षणाच्या आधी-नंतर सुमारे 25 मिलिसेकंदांच्या आत पडावा लागतो. टीव्हीवर सेकंदाला 60 चित्रं दिसतात, म्हणजे एक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास. आपल्याला मिळणारी मुभा दीड चित्राची.

आता हे 25 मिलिसेकंद किती लहान ते पाहा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 25 मिलिसेकंदांत तो साडेआठ मीटर जाईल. पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत लांबलचक ढोल-ताशा पथक उभं असतं, तेव्हा पुढच्या ताशाचा आवाज 17 मीटर मागच्या ढोलवाल्यापर्यंत 50 मिलिसेकंद उशिरा पोचतो. कानावर विसंबला तर मागचा वादक मागेच पडणार. म्हणून पथकात हातवारे आणि इशारे असतात. मागची रांग डोळ्यांनी लय धरते. घरातला टीव्ही नेमकी उलटी अडचण करतो. तो चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो, त्यात वेळ घालवतो आणि ठिपका आपल्याला उशिरा दाखवतो. इथे डोळा मागे पडतो.

उपाय दोन. पहिला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो तो चालू करणं. त्यात ही जास्तीची प्रक्रिया बंद होते. दुसरा, गेममध्येच वेळ पुढे-मागे करण्याची सोय असते ती वापरणं. अगदी सोपं गाणं लावा, पडद्याकडे न बघता केवळ गाण्याच्या ठेक्यावर मारा आणि ठोके सतत लवकर पडताहेत की उशिरा ते बघा. सगळे एकाच बाजूला झुकत असतील तर दोष हाताचा नाही, यंत्राचा आहे; एकेक पायरी सरकवत जा. दोन्हीकडे विखुरलेले असतील तर मात्र रियाज कमी पडतोय.

आणि ब्लूटूथ हेडफोन लावून हा गेम खेळू नका. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर मिलिसेकंदांपेक्षा सहज जास्त रेंगाळतो. तेवढ्यात चौगुनीतला एक अख्खा ठिपका निघून जातो. वायरवाले हेडफोन घ्या.

गोधडी आणि चौरंग

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे आधी वाचावं. ढोलाचा आवाज हवेतून जितका जातो त्याहून जास्त जमिनीतून खालच्या घरात जातो. खालच्या काकूंना टीव्ही ऐकू येत नाही, ‘धप धप’ मात्र येतं. टेबलावर ढोल ठेवला की टेबलाचे पाय हातोडीसारखे वागतात. मी ढोलाखाली चारपदरी गोधडी घालते आणि चौरंगाच्या चारही पायांखाली रबरी चकत्या. आवाज निम्म्याहून कमी झाल्याचं काकूंनी स्वतः सांगितलं.

उंची महत्त्वाची. बसून वाजवत असाल तर ढोल कोपरापेक्षा थोडा खाली हवा, पुढचा काठ आपल्याकडे किंचित झुकलेला. खांदे वर चढले की दहा मिनिटांत हात भरून येतो. काठी मुठीत आवळायची नाही. अंगठा आणि तर्जनीत तोलून बाकीची बोटं सैल. मनगटाने ती सोडायची आणि तिच्याच उसळीने वर येऊ द्यायची. नवखा माणूस काठी दाबतो आणि ती पडद्यावर चिकटून राहते. घरच्या ढोलाला जोर कळत नाही. हळू मारा की जोरात, गुण तेवढेच. त्यामुळे हळू मारा.

हात आलटून पालटून चालवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. एकट्या उजव्या हाताने सोपी पातळी सहज निघते, आणि तिथेच खोड लागते. गेम सेंटरांत नियमित येणारे खेळाडू स्वतःच्या काठ्या घेऊन येतात. त्या काठ्यांना ‘माय-बाची’ म्हणतात. बाची म्हणजे काठी. लाकडी दांडा कापून, घासून, टोकाला निमुळता करून प्रत्येक जण आपल्या मनगटाला साजेशी जोडी तयार करतो.

भावंडं

ढोलाचा गेम हा एकच नाही. कोनामीचा ‘ड्रममेनिया’ 1999 चा, पाच पॅड आणि एक पायपट्टी. नामकोनेच निंटेंडोसाठी 2003 मध्ये ‘डाँकी काँगा’ केला. त्याच्या बोंगोच्या जोडीत मायक्रोफोन होता आणि तो टाळी ओळखायचा. अमेरिकेत हार्मोनिक्स या मॅसॅच्युसेट्सच्या कंपनीचा ‘रॉक बँड’ 2007 मध्ये आला. चार रंगीत पॅड आणि पायाने दाबायची पट्टी.

‘रॉक बँड’मध्ये ठोका चुकला की मूळ गाण्यातला ड्रमच गप्प होतो, गाणं आपण वाजवतो आहोत असं वाटतं. हात आणि पाय वेगवेगळे चालवायची सवयही त्यात लागते, 2010 च्या तिसऱ्या भागात तर झांजा वेगळ्या जोडता येऊ लागल्या. ज्याला पुढे खरा ड्रमसेट शिकायचा आहे त्याला तो जास्त जवळचा. पण बोलांची गोष्ट ताइकोच्या गेममध्येच आहे, आणि माझं मन तिथेच आहे.

खऱ्या ताइकोपुढे

देवळांतला आणि जत्रांतला ताइको फार जुना आहे. एकाच खोडातून कोरलेलं अंग, दोन्ही तोंडांना खिळ्यांनी ताणून बसवलेलं कातडं. पण स्टेजवर एकत्र दहा-बारा ढोल वाजताना आपण जे बघतो ती रीत तशी अलीकडची. दाइहाची ओगुची या जॅझ ड्रमरने 1951 मध्ये नागानो प्रांतात असं पथक उभं केलं. जुन्या देवळातल्या तालांना त्याने वेगवेगळ्या आकाराच्या ढोलांत वाटून दिलं. सादो बेटावरचं ‘कोदो’ हे आज जगभर फिरणारं पथक 1981 चं.

गेममधून यातलं काय मिळतं? लय मिळते. हात सम होतात, तुकडा पाठ होतो, गाण्याच्या आतला ठेका ऐकू यायला लागतो. नाद मिळत नाही. कातड्यावर काठी कशी पडली म्हणजे आवाज गोल येतो, हळू आणि जोरात यांच्यामधल्या पन्नास पायऱ्या, दोन ठोक्यांमधली शांतता किती ताणायची, यातलं काहीही चार बटणांना कळत नाही. म्हणून हा गेम म्हणजे वाद्य शिकणं नाही असंच मी म्हणेन. पण ज्या मुलाला तबल्याच्या शिकवणीला बसवलं की जांभया येतात, त्याला पढंत म्हणजे काय हे या लाल-निळ्या ठिपक्यांनी अर्ध्या तासात कळलेलं मी पाहिलं आहे.

घ्यायचा असेल तर

एका यंत्राचा ढोल दुसऱ्या यंत्रावर चालेलच असं नाही. तुमच्या यंत्राचं नाव खोक्यावर लिहिलेलं आहे याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना घेत असाल तर विकणाऱ्यासमोर चारही भाग वाजवून बघा, विशेषतः दोन्ही कडा. सुरुवात पाठ असलेल्या गाण्याने करा, आवडत्या गाण्याने नव्हे. आणि ढोल घरी येईपर्यंत थांबायचं कारण नाही. डोन्साठी मांडी आहे, का-साठी टेबलाची कड आहे. म्हणून बघा: डो-को-डोन् का.